केसोबाची शेवंती

एका जंगलात एकदा वारा साफ पडला होता. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. ऊन नाही आणि सावलीही नाही. पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि पिंपळ म्हणजे उगाचच्या उगाच सळसळणारा गडी. सगळी जनावरं माना टाकून पडली होती.

केसोबा अस्वल मात्र खुशीत होता. वारा नसला की पत्ते उडत नाहीत.

तर बाळांनो, आधी या पत्त्यांचं सांगतो. घाई नाही ना? मग बसा नीट मांडी घालून.

फार मागे त्या जंगलात सहलीची माणसं आली होती. जेवली, कचरा केला आणि गेली. जाताना पत्त्यांचे कॅट विसरून गेली. वाघाला वाटलं, खायचं काहीतरी असेल. त्याने इस्पिकचा राजा चावून पाहिला आणि थुंकून टाकला. म्हणाला, "राजात काही दम नाही." मग ते कॅट ज्याला सापडले त्याचे झाले.

पत्ते खेळायचे कसे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून जनावरं ते नुसते फिरवायला लागली. हातात पंखा करायचा. या हातातून त्या हातात धार सोडायची. एकाच हाताने कॅट कापायचा. त्यात डाव नाही, पैसा नाही, जादू नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. नुसतं बघायला छान. अशा बिनकामाच्या गोष्टीचा नाद लागला की तो सुटत नाही.

पुढे डोंगरावर टॉवर आला आणि ज्याच्या त्याच्या पंजात मोबाइल आला. पत्त्यांचे नादी जंगलभर विखुरलेले होते. कोणी नदीकाठी, कोणी कड्यावर. हुपराव नावाच्या वानराने त्या सगळ्यांसाठी मोबाइलवर एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पिसारा कट्टा'. अ‍ॅडमिन अर्थातच तो स्वतः.

काय दिवस होते ते! कोणी विचारायचं, "एका हाताने कापताना करंगळी कुठं ठेवू?" की सूर्य झाडाआड जायच्या आत दहा जण आपापली करंगळी दाखवायचे. सशाला तर धड बोटंही नाहीत. तरी त्याने दोन पंजांत धरून कसाबसा पंखा केला, तेव्हा हुपराव म्हणाला, "वा ससेभाऊ, आज जंगलात पौर्णिमा झाली!" ससा आठवडाभर बिळात मावत नव्हता.

केसोबा या कट्ट्यावर सगळ्यात मागे बसणारा. बोलायला बुजायचा. पण त्याच्या मनात एक फार अवघड गोष्ट होती. तिला तो शेवंती म्हणायचा. अख्खा कॅट एका पंजात उमलायचा. आधी बाहेरच्या पाकळ्या, मग आतल्या, मग अगदी गाभ्यातल्या. आणि तशाच उलट्या क्रमाने मिटायचा. एकही पत्ता खाली पडता कामा नये.

एकदा धीर करून त्याने हे कट्ट्यावर सांगितलं. हुपराव लगेच म्हणाला, "केसोबा, अस्वलाच्या पंजात शेवंती? जमली तर पहिल्यांदा मला दाखवायची. इथेच, कट्ट्यावर. शब्द द्या."

केसोबाने शब्द दिला. अस्वल भोळं असतं, बाळांनो. एकदा शब्द दिला की ते त्यावरच जगतं.

तेव्हापासून रोज दुपारी तो गुहेच्या तोंडाशी बसायचा. नखं आड यायची म्हणून दगडावर घासून बोथट केली. मग कंद उकरता येईनात. तो पडलेली फळं खाऊन राहिला. समोर वाळवीचं एक भरलेलं वारूळ होतं. तेही त्याने खाल्लं नाही, कारण मोबाइल टेकवायला त्याची उंची बरोबर होती. रोज शेवंती अर्धी उमलायची आणि पत्ते गळायचे. टप, टप, टपटपटप. पहिला निसटायचा तो चौकटचा गुलाम. त्याचा एक कोपरा मुडपलेला होता. केसोबा पत्ते वेचायचा, फुंकर मारून धूळ उडवायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

असे पावसाळे गेले, हिवाळे गेले. त्याच्या कानामागचे काळे केस पांढरे झाले.

इकडे कट्ट्यावर एकेक जण कमी होत गेला. सशाला संसार वाढला. पाणमांजराचा कॅट भिजून त्याचा लगदा झाला. मोर तर आधीच तिकडे छोट्या छोट्या व्हिडिओंत गेला होता. तिथे तो पत्ते न घेताच पिसारा करायचा, आणि लोक त्यालाच पत्त्यांतला उस्ताद म्हणायचे. कट्ट्यावर दिवसच्या दिवस कोणी काही टाकेना.

हुपरावाला काळजी वाटली. त्याने एक चर्चा काढली, 'आपला कट्टा ओस का पडतोय?'

आणि काय सांगू! कट्टा जो भरला, जो भरला, की बसायला जागा उरली नाही.

निंबाजी कोल्ह्याने एक ग्राफ काढून आणला. उतारावरून दगड गडगडत यावा तशी त्यातली रेघ खाली येत होती. त्या ग्राफला एवढे अंगठे पडले, की तेवढे जन्मात कोणाच्या पंख्याला पडले नव्हते. जे सोडून गेले होते ते आपण का सोडून गेलो हे सांगायला परत आले. मोराने तर सगळ्यांचा कायमचा निरोप घेतला. लोक हळहळले, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन पुन्हा घेतला. एक घोरपड नवीनच दाखल झाली. तिने पत्ता कधी पाहिलाही नव्हता. ती म्हणाली, "मला हातात काही धरायची आवड नाही. पण काही बुडत असलं की मला बघायला आवडतं." तिचं सगळ्यांनी स्वागत केलं.

केसोबा हे सगळं रोज वाचायचा. वाचता वाचता त्याच्या मनात आलं, अरे, हे बिचारे वाट बघतायत. कोणी काही दाखवत नाही म्हणून रडतायत. आपली शेवंती जमली तर सगळ्यांना किती बरं वाटेल!

आणि मग तो वारा पडलेला दिवस उजाडला.

दुपारी केसोबा बसला. मोबाइल वारुळावर टेकवला. कॅट पंजात घेतला. शेवंती उमलली. बाहेरची पाकळी, आतली पाकळी, गाभा. चौकटचा गुलाम हलला, पण राहिला. मग शेवंती मिटली.

खाली काही पडलं नाही. कुठे कसला आवाज नाही.

केसोबाला खरं वाटेना. त्याने पुन्हा केलं. पुन्हा जमलं. त्याने मोबाइल उचलला, आणि दिल्या शब्दाप्रमाणे, हुपरावाचं नाव वर लिहून व्हिडिओ कट्ट्यावर टाकला. मग पंजे मांडीवर ठेवून वाट बघत बसला.

पहिला आला निंबाजी कोल्हा. "हे काय केसोबा? इथे काय चाललंय आणि तुम्ही काय टाकताय?"

केसोबाने लिहिलं, "शेवंती आहे."

"असेल हो. पण माझी रेघ खाली येत येत आज बरोबर जमिनीला टेकली होती. तुमच्यामुळे तिला शेवटी टेंगूळ आलं! आता मी लोकांना काय तोंड दाखवू?"

घोरपड म्हणाली, "म्हणजे बुडत नाहीये का? मग मी जाते."

"नाही नाही, बसा तुम्ही," निंबाजी घाईने म्हणाला. "बुडतोयच. हे चुकून झालंय."

इतक्यात केसोबाचा फोन वाजला.

"केसोबा, मी हुपराव."

"पाहिलंत?" केसोबाने घाईघाईने विचारलं.

"काय पाहिलं? हां, तो व्हिडिओ. अहो, उघडायला फुरसत कुठाय? चर्चा काय रंगात आलीय बघताय ना! म्हणून तर फोन केला. तेवढा तो काढून टाकता का?"

"काढू?"

"राग मानू नका. पण आपण सगळे बोलतोय कशावर? कट्ट्यावर कोणी काही टाकत नाही, यावर. आणि तुम्ही मध्येच टाकलंत. मग चर्चेत राम काय राहिला? लोकांचा उत्साह जातो हो अशाने."

केसोबा म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात, पहिल्यांदा मला दाखवायची."

"म्हणालो होतो? असेन, असेन. मग दाखवा की. मी कुठे नाही म्हणतोय? चर्चा संपली की निवांत दाखवा."

"कधी संपेल?"

"संपू कशी देऊ, केसोबा? तेवढी एकच तर गोष्ट चालू आहे कट्ट्यावर!"

केसोबाने हळूच विचारलं, "तुमचा कॅट कुठंय हल्ली?"

"माझा? आहे ना. हा काय, मोबाइलखाली टेकू दिलाय. फार उपयोगी वस्तू."

केसोबाने व्हिडिओ काढून टाकला. हुपरावाने कट्ट्यावर त्याचे आभार मानले. लिहिलं, "असे समजूतदार सभासद आहेत म्हणून कट्टा टिकून आहे." त्यावर निंबाजीने अंगठा दिला. ती चर्चा अजून चालूच आहे म्हणतात.

केसोबा गुहेच्या तोंडाशी बसून राहिला. कॅट पंजातच होता. रडू आलं असं नाही. पण एवढी वर्षं ज्याला दाखवायचं म्हणून जे केलं, ते दाखवायला आता कोणी नाही, हे त्याला कळलं. अस्वलाला गोष्टी हळूहळू कळतात, पण कळल्या की पुऱ्या कळतात.

तेवढ्यात वारुळामागून काटे खुळखुळले. शेजारची सगुणाबाई साळिंदर आली होती.

"अवं केसोबा, बरं न्हाई का आज?"

"बरा आहे की."

"मंग पत्तं का पडलं न्हाईत?"

केसोबाने मान वर केली. "तुला काय ठाऊक पत्त्यांचं?"

"पत्त्यांचं मला काय ठावं असणार! मला त्यातलं अक्षर कळत न्हाई. पर आमच्या सासूबाई तुमच्या त्या टपटपीवर झोपत्यात. इतकी वर्सं झाली. दुपारी टपटप सुरू झाली की म्हातारीचा डोळा लागतो, आन् मला घटकाभर मोकळं मिळतं. आज बघावं तर टक्क जागी! माझा एकेक काटा धरून सांगतीया, ह्यो वाकडा, त्यो वाकडा."

"अगं, मला आज जमलं ते," केसोबा म्हणाला.

"काय जमलं?"

"पत्ते न पाडता करायचं."

सगुणाबाईने कपाळाला हात लावला. "अगं बया! म्हंजी आता कायमचंच का?"

केसोबा म्हणाला, "बघतेस का?"

"दावा."

केसोबाने शेवंती उमलवली. बाहेरची पाकळी, आतली पाकळी, गाभा. सगुणाबाई तोंडाचा आ करून बघत राहिली. शेवंती मिटली तशी ती म्हणाली, "लई ग्वाड हाय वो. फूलच जणू." मग मागे वळून बघत हळू आवाजात म्हणाली, "पर म्हातारी जागीच हाय."

ती घरी गेली. केसोबाने कॅटकडे पाहिलं. मग पुन्हा शेवंती करायला घेतली, या खेपेला पाडायचीच म्हणून. पण पंजा आता शिकला होता. पत्ते पडेचनात. दोनदा केलं, तीनदा केलं, दरवेळी नीट मिटली. शेवटी त्याने अंगठा जरासा सैल सोडला, आणि मुडपलेल्या कोपऱ्याचा चौकटचा गुलाम निसटला. त्याच्यामागून बाकीचे. टप, टप, टपटपटप.

वारुळापलीकडे जरा वेळ शांत होतं. मग म्हातारीचं घोरणं ऐकू आलं. चांगलं खर्जातलं.

केसोबा पत्ते वेचायला वाकला. का कोण जाणे, त्याला जरा हसू येत होतं.

तात्पर्य : प्रयत्नांती परमेश्वर, हे खोटं नाही. म्हणून तर प्रयत्न फार जपून करावेत. एखाद्या दिवशी जमून बसतं, आणि मग चर्चा करणाऱ्यांची चर्चा मोडते नि झोपणाऱ्यांची झोप. आणि जमलंच चुकून, तर ते बिघडवायलाही शिकून घ्यावं, कारण शाबासकी तिथेच मिळते. केसोबाला इतक्या वर्षांत मिळाली ती एकच. सगुणाबाईने वारुळावरून मान काढून, म्हातारी जागी होऊ नये अशा बेताने, त्याला हळूच सांगितलं, "आता कसं झ्याक जमलं! उद्या बी असंच जमू द्या, बरं का!"