परराज्यातली गाडी

अर्ज लिहावा तर मीच! हे मी सांगत नाही, आमची सगळी गल्ली सांगते. (गल्ली असं काही सांगत नाही, असं आमची रूपाली म्हणते. बायकोच्या बोलण्याकडे एवढं लक्ष द्यायचं नसतं.) मी हायस्कुलात भूगोल शिकवतो, मराठी आणि कन्नड दोन्हीत सारख्याच जोरात लिहितो. माझा अर्ज वाचून पुरसभेतला, म्हणजे आमच्याकडच्या नगरपालिकेतला, क्लार्क खुर्चीतून उठून उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे. तो चहाला निघाला होता असं काही लोक म्हणतात. म्हणोत बापडे!

तर झालं काय, आमचं गाव निपाणीच्या जवळचं, कर्नाटकातलं. घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर. आमच्या आईचा नियम असा, की दर्शन झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. सून म्हणून या घरात आली तेव्हापासूनचा नियम! त्यात सूर्य मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत. म्हणजे तिचं जे काही खाणं-पिणं ते दर्शन आणि सूर्यास्त यांच्या मधल्या वेळेत.

एरवी ठीक चालायचं. पण बाजारच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागायची, आणि मधून जी चिंचोळी वाट उरायची तिच्यातून उसाचे ट्रॅक्टर धावायचे. मागे दोन-दोन ट्रॉल्या, पुढे कान फाटेल असं गाणं! आई उंचीने बेताची. उभ्या गाड्यांच्या आडून ती ड्रायव्हरला दिसायची नाही आणि तिला ट्रॅक्टर दिसायचा नाही. देवापुढे वाहायच्या तांदळाची डबी हातात घेऊन बिचारी सकाळपासून फाटकात उभी. एक पाऊल पुढे, दोन मागे!

"आई, चल, मी धरून नेतो," मी एकदा म्हणालो.

"मला धरून न्यायला मी काय नवी नवरी हाय?" आई म्हणाली. तरी मी तिचा हात धरला आणि निघालो. अर्ध्यात गेलो तोच पों करून ट्रॅक्टर आला, आणि मी उडी मारून परत फाटकात. आई माझ्या आधी पोचली होती!

त्या दिवशी तिला दर्शन घडलं तेव्हा दुपार कलली होती. रूपालीने ताट वाढलं, पण आईला घास जाईना. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी अर्ज लिहितो.

संध्याकाळी पायगोंडा अण्णांच्या सोप्यात गल्लीची बैठक भरली. अण्णा आमचे शेजारी, बी-बियाण्यांचं दुकान, आवाज असा की माइकची गरज नाही.

"ह्या गाड्या हायेत तरी कुणाच्या?" अण्णांनी विचारलं.

"भायेरच्यांच्या!" सगळी गल्ली एका आवाजात ओरडली.

"व्हय की! कागल, मुरगूड, कोल्हापूर, सगळी तिकडची मंडळी बाजारला येत्यात आनि आमच्या दारात गाड्या लावत्यात!"

"आमच्या राज्यात येऊन!" कोणीतरी मागून पुस्ती जोडली.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. कोल्हापूर परराज्यात आहे हे आम्हाला एरवी वर्षभर आठवत नाही. आमची लग्नं तिकडे, दवाखाने तिकडे, साड्या तिकडे, चपला तिकडे. ते परराज्य असल्याचं आम्हाला फक्त तक्रार करताना आठवतं. त्या संध्याकाळी सगळ्यांना एकदम आठवलं.

मग काय, मी लिहिला अर्ज! कडक कन्नडात! "परराज्यातील वाहने बाजारच्या दिवशी या रस्त्यावरून तत्काळ उचलून न्यावीत. ज्येष्ठ नागरिकांच्या जिवाचा प्रश्न आहे." एवढ्यावर माझं समाधान होईना. म्हणून खाली ठणकावून लिहिलं, "वाहनमालक कितीही ओळख सांगो, गयावया करो, आपण याच गावचे असल्याची बतावणी करो, त्यास सोडू नये!"

हे वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. अण्णांनी पहिली सही ठोकली. "लई भारी लिवलंयस गोमटेश! बतावणीचं तर लईच भारी!"

आणि काय सांगू, अर्ज मंजूर झाला! पुढच्याच बाजारला सकाळी सकाळी पुरसभेच्या साहेबांची जीप, मागे पोलीस आणि त्यांच्या मागे एक पिवळी क्रेन! मी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. अण्णा हार घेऊन हजर. आई फाटकात, डबी घेऊन, नेहमीसारखी.

साहेब कन्नड बोलणारे, शिस्तीचे, कमी शब्दांचे. हार त्यांनी जीपच्या टपावर ठेवायला लावला आणि क्रेनवाल्याला खूण केली. क्रेन निघाली. आमच्या दारासमोर भाजीचा टेम्पो उभा होता. क्रेन तो ओलांडून पुढे गेली!

"अहो साहेब, हा राहिला!" मी ओरडलो.

"केए नंबर आहे. आपल्याच राज्याचा," साहेब म्हणाले.

चिकोडीकडच्या दोन जीपगाड्या ओलांडल्या. त्याही केए. मग क्रेन एका पांढऱ्याशुभ्र नव्या गाडीपाशी थांबली. एमएच शून्य नऊ! क्रेनवाल्याने पट्टे अडकवले.

"ए, ए, ए! माझी हाय ती!" अण्णा धावले. "सासऱ्यानं घेऊन दिलीया! साहेब, मी हितलाच! हे काय माझं घर! ही माझी बायको, इचारा तिला!"

साहेबांनी शांतपणे खिशातून अर्ज काढला आणि वाचला, "आपण याच गावचे असल्याची बतावणी करो, त्यास सोडू नये."

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बी-बियाण्याच्या दुकानात कीटकनाशकही असतं हे मला तेव्हा आठवलं.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी गाडी! माझी गाडी कागलच्या मेव्हण्याने घेऊन दिलेली. "भावजी, हिकडं टॅक्स कमी बसतोय, माझ्या नावावर घेऊया," म्हणाला होता. इतकी वर्षं मी ती रोज धुतो, रोज पुसतो, पण तिची पाटी वाचायचं मला कधी सुचलं नव्हतं. स्वतःच्या गाडीचा नंबर कोण वाचतो हो?

मी पळत सुटलो. पण क्रेन अण्णांची गाडी कोपऱ्यावर ठेवून माझ्या आधी पोचली होती.

"साहेब, मी अर्जदार! तो अर्ज मीच लिहिलाय!"

"ओळख सांगतोय," साहेब पोलिसाला म्हणाले.

"साहेब, पाया पडतो!"

"गयावया करतोय." साहेबांनी अर्जावर पेनने दोन ठिकाणी टिंबं दिली. "छान लिहिलाय अर्ज. काही सुटलेलं नाही. आयतु, झालं तर मग, उचला!"

माझी गाडी हवेत गेली. क्रेन तिला घेऊन वळायला म्हणून रस्त्याच्या मधोमध आडवी झाली आणि तिथेच अडकली. इकडून उसाचे ट्रॅक्टर थांबले, तिकडून एसटी थांबली. गाणी बंद झाली. अख्खा रस्ता माझ्या लोंबकळणाऱ्या गाडीकडे बघत उभा!

गल्लीतले निम्मे लोक आपापली पाटी वाचायला धावले, उरलेले मला शिव्या द्यायला थांबले. आणि त्या गोंधळात आमची आई फाटकातून बाहेर पडली. डबी सांभाळत, घाई नाही गडबड नाही, थांबलेल्या ट्रॅक्टरसमोरून रमत गमत गेली. एका ड्रायव्हरने तर नमस्कार केला! ती बस्तीच्या पायऱ्या चढली, निवांत दर्शन घेतलं, प्रदक्षिणा घातल्या, आणि क्रेन निघायच्या आत परतही आली.

मी घरात तोंड पाडून बसलो होतो. आई समोर गरम थालीपीठ खात होती. सकाळच्या उन्हात, बाजारच्या दिवशी! किती दिवसांनी तिला असं जेवताना पाहत होतो. गाडी गेल्याचं दुःख थोडं हलकं झालं, खोटं कशाला बोलू.

"लई चांगलं काम केलंस रं," आई म्हणाली. "फुडल्या बाजारला बी येणार हाय न्हवं ती क्रेन?"

गाडी सोडवायला मालक स्वतः लागतो म्हणे. म्हणून एसटीने कागलला जाऊन मेव्हण्याला घेऊन आलो. तो निपाणी येईपर्यंत हसत होता.

पुढच्या बाजारला धसक्याने कोणीही, अगदी केएवाल्यांनीसुद्धा, रस्त्यावर गाडी लावली नाही. रस्ता मोकळा, स्वच्छ, मैदानासारखा! आणि ट्रॅक्टर? आधी धावायचे, आता उडायला लागले! आई फाटकात, डबी हातात, एक पाऊल पुढे, दोन मागे.

"आज कुणाची गाडी उचलणार न्हाईत व्हय?" तिने कळवळून विचारलं.

माझ्याच्याने बघवेना. मी किल्ली घेतली, मागच्या गल्लीत लपवलेली गाडी काढली, बस्तीसमोर रस्त्यात सरळ आडवी लावली आणि बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "बंद पडली हो! बंद पडली!" दोन्हीकडची वाहतूक थांबली. आई सावकाश पलीकडे गेली, सावकाश परत आली. मग गाडी आपोआप चालू झाली.

तेव्हापासून दर बाजारला सकाळी माझी गाडी बस्तीसमोर बंद पडते. कोणाला बोलायची सोय नाही, कारण बिघाड काही सांगून होत नाही.

कालच संध्याकाळी पायगोंडा अण्णा घरी आले. बरोबर गल्लीतली चार माणसं. त्यांना बाजारच्या सकाळी दुकान उघडायला उशीर होतोय.

"गोमटेश, एक अर्ज लिवून पायजे," अण्णा म्हणाले. "परराज्यातली एक गाडी दर बाजारला रस्त्यात आडवी लावून कोनतरी मानूस मुद्दाम आडवणूक करतंय. क्रेन बोलवायची हाय. तुझ्यावानी कोन लिवतंय रं?"

एवढं कौतुक केल्यावर माणूस नाही कसं म्हणणार! लगेच बसलो आणि लिहून दिला. फार सुंदर झाला आहे. गयावयाचं वाक्यही तसंच ठेवलं आहे.