सत्त्याण्णव टक्के चोरी

नक्कल पकडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बाकोलोद शहरात कोणी नाही! पोराने उचललेलं वाक्य मला दुरून वास येऊन कळतं, सुकवलेल्या मासळीसारखं. म्हणून तर आमच्या कॉलेजात नव्या मुलांना संदर्भ कसे शोधावेत, स्वतःच्या शब्दांत कसं लिहावं, हे शिकवायचं काम ग्रंथालयात माझ्याकडे, म्हणजे मागबानुआबाईंकडे आहे.

यंदा नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर आलं; मुलांचे जुने निबंध त्यात आधीच भरून ठेवले होते. पहिल्याच वर्गाला डीन विल्यारूझ स्वतः हजर! पहिल्या बाकावर बसून पियाया, आमच्याकडचा गुळाचा चपटा रोट, खात होते.

"मुलांनो, अस्सल लिखाण कसं असतं, बघा," म्हणत मी माझंच टिपण त्यात घातलं. 'संशोधन कसं करावे'. शब्दन् शब्द माझा!

पडदा लालभडक झाला. नक्कल : सत्त्याण्णव टक्के. मूळ लेखिका : क्वीनी पामारेस, नर्सिंग.

वर्गात "हूऽऽऽ" झालं. डीनच्या घशात पियाया अडकला.

"बाई, हे काय?"

"सर, हे माझं आहे!"

"पडद्यावर तर त्या मुलीचं नाव आहे."

"त्या डबड्याला काय कळतंय!" मी कडाडले. अर्थात आम्हा गोड बोलीच्या इलोंगो लोकांचं कडाडणंही अंगाईसारखं ऐकू येतं, त्यामुळे कोणी घाबरलं नाही.

"चौकशी होईपर्यंत तुमचा वर्ग बंद," डीन म्हणाले.

माझा वर्ग! चोर ठरवून! माझ्याच मुलांसमोर!

"बोलवा त्या क्वीनीला! आत्ताच्या आत्ता!"

क्वीनी पांढऱ्या गणवेशात धापा टाकत आली. "हो सर, मागच्या वर्षी निबंध म्हणून मीच दिलं होतं. बाईंचं टिपण."

"ऐकलंत?" मी टेबलावर हात आपटला. "उचललं जसंच्या तसं!"

"पण बाई, खाली तुमचं नाव दिलंय ना! तुम्हीच शिकवलं होतं, कुठून घेतलं ते लिहायचं म्हणून."

डीननी पडद्यावर तिचा निबंध उघडून पाहिला. नाव दिलं होतं. अगदी पूर्ण.

"आणि तुम्ही कोणाचं नाव दिलंय?" त्यांनी मला विचारलं.

"माझ्याच टिपणाखाली मी कोणाचं देणार? माझ्या आईचं?"

वर्ग खदाखदा हसला. डीननाही हसू फुटलं. "बरं बाई, चोरी नाही. घ्या वर्ग."

मी पदवीदान असल्यासारखी मान ताठ केली. तेवढ्यात मागून एका मुलीने विचारलं, "सर, पण मग ते उरलेले तीन टक्के कशाचे?"

डीननी पडद्याजवळ जाऊन बघितलं. कळेना. क्वीनी अगदी हळू आवाजात म्हणाली, "ते बाईंचं एकटीचंच आहे, सर. शुद्धलेखनाच्या चुका. मी माझ्या निबंधात सुधारून घेतल्या होत्या."

बघा हं, मी कबूल करते. पण एक गोष्ट ठणकावून सांगते : त्यातली एकही चूक मी कुठून उचललेली नाही!