पतासीबाईंचं पारणं आणि एकशे अठ्ठावीस जीबी

साडीला जुळणारा फॉल कुठेच मिळाला नाही, की धुळ्यातल्या बाया शेवटी आग्रा रोडच्या गल्लीत इंदरचंदांच्या मॅचिंग सेंटरमध्ये येत. आणि इंदरचंद त्यांना कधी रिकाम्या हाताने जाऊ देत नसत!

"जगात अशी एकही वस्तू नाही, जिला जोड मिळत नाही," ते गादीवरून ठणकावून सांगत. "फक्त बघणारा पाहिजे!"

बढाई म्हणावी, तर तसंही नव्हतं. एखादी बाई साडी घरीच विसरून यायची आणि म्हणायची, "शेठ, रंग म्हणजे कसा, वांग्यासारखा. पण भरताच्या नाही हं, भरायच्या वांग्यासारखा!" की यांचा हात हिरव्या ठाणावरून उडी मारून बरोब्बर त्या जांभळ्यावर जायचा. बाई घरी जाऊन साडीला लावून बघायची, तर सख्ख्या बहिणी!

पण याच नजरेने दोन खऱ्या सख्ख्या बहिणींची जोडी फोडली होती.

झालं होतं असं. इंदरचंदांच्या मुलाच्या लग्नात भडगावची धाकटी मेहुणी बेबाबाई हिने आपल्या बहिणीला, म्हणजे इंदरचंदांच्या सुगनबाईंना, भारीपैकी साडी दिली. इंदरचंदांनी भर मांडवात साडीची घडी उलगडली, काठ उलटा केला आणि आनंदाने ओरडले, "अरे, हा फॉल तर आपल्या दुकानातला! ही साडी आपणच बेबाला दिवाळीला दिलेली! बघा, आहे की नाही नजर?"

नजर होतीच. अक्कल मात्र त्या क्षणी जेवायच्या पंगतीत जाऊन बसली होती! बेबाबाई ताट न वाढून घेता भडगावला निघून गेली, आणि तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद. सात-आठ वर्षं झाली. एकीची चाहूल लागली की दुसरी मागच्या दाराशी चप्पल शोधायची.

यंदा पर्युषणात जळगावच्या थोरल्या बहिणीने, दोघींच्या जीजीने, म्हणजे पतासीबाईंनी पंच्याहत्तरीला टेकलेल्या वयात अठाई केली. आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी! आणि निरोप धाडला, "पारणं करीन तर दोघींच्या हातून करीन. एक जरी आली नाही, तरी मी नववा उपवास धरणार."

आता तपस्वी बाईला कोण अडवणार? सुगनबाईंनी मुकाट्याने पिशवी भरली. भडगावहूनही होकार आला.

इंदरचंदांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सुगनबाईंना त्यांनी एवढंच सांगितलं, की पारण्याचा फोटो काढायचा; बाकीचं मनाशी बेतलं. दोघींना एका फोटोत घ्यायचं! फोटोसाठी जवळ उभं राहावंच लागतं. जवळ आलं की हसावं लागतं. आणि हसलं की संपलं भांडण!

"फोटो ना? मोबाईलवर काढा की," सुगनबाई म्हणाल्या.

"मोबाईलवरचा फोटो म्हणजे कच्चा टाका! आज दिसतो, उद्या उसवतो. भिंतीवर लागेल असा फोटो काढतो बघ!"

आणि त्यांनी लोखंडी कपाटात स्वेटरांच्या खाली निवांत झोपलेला डिजिटल कॅमेरा बाहेर काढला. माल आणायला सुरतेला जात, तेव्हा कधीतरी हौसेने घेतलेला. नवे पेन्सिल सेल घातल्याबरोबर भिंगाने कासवासारखी मान बाहेर काढली! सगळं ठणठणीत. फक्त आतलं मेमरी कार्ड कुणीतरी कधीच काढून नेलेलं.

"हात्तिच्या! कार्डच ना? जळगावात घेऊ."

पारण्याच्या आदल्या दिवशी दोघं जळगावला पोचले. पतासीबाईंकडे पिशव्या टेकवल्या आणि कॅमेरा तिथेच ठेवून इंदरचंद एकटे गोलाणी मार्केटला गेले. तिथे मगन नावाचा एक गडी मोबाईलच्या कव्हरांच्या जंगलात बसला होता.

"काय जोयजे भाऊ? बठ्ठं शे आपलाकडे!" त्याने अहिराणीत म्हणत सगळ्या दुकानावरून हात फिरवला.

"कॅमेऱ्याचं कार्ड दाखव."

"कॅमेरा कोन्ता शे?"

"चांगला आहे."

"तसं नही. जुना शे का नवा? संगे आनेल शे का?"

इंदरचंदांना हा प्रश्न फार लागला. ज्यांनी साडी न बघता फॉल जुळवले, त्यांना हा पोरगा कॅमेरा दाखवायला सांगतो!

"आहे पंधरा-वीस वर्षांचा. पण सुरतेचा आहे."

"मंग जपीसन घ्या, भाऊ. जुना कॅमेराले लहान कार्ड लागस. दोन जीबीना वर गया, की तो कार्ड ओळखतच नही!"

"वा रे वा! मोठ्या डब्यात थोडं धान्य मावत नाही का? तू सगळ्यात मोठं दे!"

मगनने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं, आणि एकशे अठ्ठावीस जीबीचं पाकीट पुढे सरकवलं. आत नखाएवढं काळं कार्ड, आणि ते बसवायला पोस्टाच्या तिकिटाएवढी खोळ. इंदरचंद खूश! कार्डालासुद्धा अस्तर!

"पाकीट फोडं, की परत घेनार नही बरं का!"

"आम्ही तरी कापलेलं कापड परत घेतो का?"

आणि पाकीट तिथल्या तिथे फोडून, कार्ड पाकिटासकट खिशात घालून ते छाती काढून बाहेर पडले.

सकाळ झाली. लाल चुनडीतल्या पतासीबाई खुर्चीवर शांत बसलेल्या. कोपऱ्यात त्यांचा लाडका स्तवनांचा डबा, म्हणजे तो तळहाताएवढा स्पीकर, हळू आवाजात गात होता. उजवीकडे सुगनबाई, डावीकडे सकाळच्या पहिल्या गाडीने आलेली बेबाबाई. दोघींच्या हातात मुगाच्या पाण्याची एकेक चांदीची वाटी आणि चमचा. पण एकीचं तोंड पाचोऱ्याकडे, तर दुसरीचं भुसावळकडे!

"जवळ या!" इंदरचंद म्हणाले. "अजून! मध्ये काय बैलगाडी जाणार आहे का? हं, चमचे जीजींच्या तोंडाजवळ न्या. जीजी, तोंड उघडा! तयार? एक... दोन..."

कॅमेऱ्याने टूंक केलं. पडद्यावर लाल अक्षरं आली. कार्ड एरर!

"थांबा थांबा. गरम होतोय."

त्यांनी कार्ड काढलं, फुंकलं, सदऱ्याला पुसलं, परत घातलं. टूंक! उलटं घालून बघितलं, जाईना. खोळीतून काढून परत खोळीत घातलं. टूंक! कपाळाला लावून घातलं. टूंक! कॅमेरा नवऱ्या मुलासारखा रुसून बसला होता, आणि त्याला घड्याळ द्यावं की सायकल, हे काही केल्या कळत नव्हतं!

चमचे हवेत तरंगत होते. पतासीबाईंनी उघडलेलं तोंड कंटाळून मिटलं.

"जीजी, तिला सांग," सुगनबाई समोर बघत म्हणाल्या, "चमचा सरळ धर म्हणावं. पाणी सांडतंय."

"जीजी, तिलाही सांग," बेबाबाई म्हणाली, "तिच्या घरच्या कॅमेऱ्यापायी माझा हात गळून पडायची वेळ आली!"

"तुमची तुम्हीच सांगा," पतासीबाई म्हणाल्या. "मी आठ दिवस जेवले नाहीये."

इंदरचंदांना घाम फुटला. "आलोच!" म्हणत ते कॅमेऱ्यासकट दाराबाहेरच्या ओट्यावर पळाले आणि पाकिटावरच्या मगनच्या दुकानाच्या शिक्क्यातल्या नंबरवर फोन लावला.

"काका, दुकान दहाले उघडस," पलीकडून मगनची जांभई आली.

"अरे, इथे तपस्वी बाई तोंड उघडून बसलीय! कार्ड एरर म्हणतोय!"

"मी काल काय सांगं? लहान कार्ड जोयजे!"

"मग आता कुठून आणू?"

"आते? आते कोठे भेटी! जुना भजनना डबामा ऱ्हास ना, तसं जोयजे."

इंदरचंदांनी फोन कानाला तसाच ठेवून मान वळवली. आत, कोपऱ्यात, तो डबा गात होता.

ते पाय न वाजवता दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले. आत दोघी बहिणी बोलत होत्या. एकमेकींशी! मध्ये जीजी नाही, कोणी नाही, थेट! वाट्या तिपाईवर ठेवून, हातवारे करून!

"सुगन, हे असंच असतं का गं रोज?"

"रोज! तुला आठवतं, शिरपूरला लग्नाला नेतो म्हणाले आणि दुसऱ्याच लग्नात नेऊन बसवलं?"

"तेव्हा मी होते ना! म्हणे, मांडवाचा रंग पत्रिकेशी जुळतो!"

"आणि आपण अर्धी पंगत जेवलो, तेव्हा नवरी बघितली!"

"लापशी मात्र छान होती गं!"

विषय इंदरचंद होते. पण आठ वर्षांनी दोघींना एक विषय मिळाला होता, आणि तो इतका भरघोस होता, की आत जाऊन मोडता घालावा असं त्यांना वाटेना. ते भिंतीच्या कडेने सरकत डब्यापाशी गेले. बोटाने कार्ड दाबलं. स्तवन ओळीच्या मध्येच थांबलं. नखाएवढं कार्ड खोळीत, खोळ कॅमेऱ्यात, आणि... लाल अक्षरं नाहीत! पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारणा आली. इतका वेळ नुसतं टूंक करणारा कॅमेरा आता अदबीने विचारतोय म्हटल्यावर इंदरचंदांनी प्रेमाने ओके दाबलं.

"जुळलं!" ते ओरडले. "म्हटलं नव्हतं? बघणारा पाहिजे! चला, वाट्या घ्या! जीजी, तोंड उघडा!"

"कशाला?" पतासीबाईंनी पदराने ओठ टिपले. "झालं माझं पारणं."

"कधी?"

"तुमचं शिरपूर चालू होतं तेव्हा. नवकार म्हटला आणि घेतलं. दोघींच्या वाटीतलं घेतलं हो, कुणाचा मान ठेवला नाही असं नको."

दोघी बहिणींनी तिपाईकडे पाहिलं. दोन्ही वाट्या लख्ख रिकाम्या! मग एकमेकींकडे पाहिलं. आणि आधी बेबाबाई, मग सुगनबाई, अशा फुटल्या हसत, की बेबाबाईचं डोकं बहिणीच्या खांद्यावर आलं, सुगनबाईंचा हात तिच्या पाठीवर गेला, आणि मध्ये पतासीबाई, पोटात मुगाचं पाणी गेल्यामुळे प्रसन्न!

क्लिक! क्लिक! क्लिक!

इंदरचंदांच्या डोळ्यांत पाणी आलं. आतापर्यंत जुळवलेले सगळे रंग एकीकडे आणि हा एक फोटो एकीकडे.

"कंवरसा," पतासीबाई म्हणाल्या. माहेरच्या माणसांना इंदरचंद सत्तरीतही नवे जावईच होते. "स्तवन का हो बंद पडलं?"

"हे काय, लावतो!" त्यांनी कार्ड परत डब्यात घातलं. डबा टीं म्हणाला आणि गप्प झाला. पुन्हा बटण दाबलं. टीं!

हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. कॅमेऱ्याने अदबीने जे विचारलं होतं, ते बहुधा असं होतं, की आतलं सगळं पुसू का?

"जीजी, त्यातली... काही उडाली वाटतं."

"किती?"

"सगळी."

यापेक्षा कार्ड एरर बरा! रोज पहाटे ज्यांच्यावर पतासीबाईंचा दिवस उगवायचा, ती सगळी स्तवनं एका ओकेत गेली होती. इंदरचंद जमिनीकडे बघत उभे राहिले.

पतासीबाईंनी एक सुस्कारा सोडला. "बरं. डबा नाही तर तुम्ही दोघी म्हणा. बाई म्हणायची ते."

"माझी गाडी आहे गं दुपारची," बेबाबाई म्हणाली.

"गाडी रोज असते."

मग दोघी जीजींच्या दोन बाजूंना बसल्या आणि आईचं स्तवन सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला सुगनबाई अडल्या. बेबाबाईने उचललं. तिसऱ्याला बेबाबाई पदराने डोळे पुसायला थांबली, तेव्हा सुगनबाईंनी पुढे नेलं. इंदरचंद दाराशी बसून ऐकत होते आणि आपल्याला कोणी बाहेर जा म्हणत नाही, यातच समाधान मानत होते.

दुपारी ते मगनकडे गेले. त्याने आधी फोटो उतरवून घेतले, मग डब्याच्या कार्डात नवी स्तवनं भरली, आणि एका शब्दानेही काही विचारलं नाही. दुकानदाराला दुकानदाराची लाज राखता येते! बेबाबाई त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

धुळ्याला परतल्यावर इंदरचंदांनी फोटो मोठा करून, जाड चौकटीत बसवून भिंतीवर लावला. तशीच एक प्रत भडगावला, एक जळगावला. आणि खुर्चीवरून उतरून लांबून बघताना त्यांना पहिल्यांदा दिसलं. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत ठसठशीत तारीख होती. एक जानेवारी दोन हजार पाच! इतकी वर्षं सेलाविना झोपलेला कॅमेरा उठला होता, तो कॅलेंडर विसरूनच!

"घोटाळा झाला," ते पडेल आवाजात म्हणाले. "तिन्ही फोटो परत करून घ्यावे लागणार."

तेवढ्यात सुगनबाईंचा फोन वाजला. भडगावहून.

"सुगन, तारीख बघितलीस का?" बेबाबाईचा आवाज स्वयंपाकघरभर घुमला. "दोन हजार पाच! म्हणजे आपलं भांडण व्हायचंय अजून!"

"होऊ दे की! तेव्हाचं तेव्हा बघू!" सुगनबाई हसता हसता ओट्याला टेकल्या, आणि मग भडगावची भाची, जळगावच्या जीजींचे गुडघे, कोणाचं कुठे जमलं, कोणाचं कुठे फिसकटलं, असं सुरू झालं ते थांबेना.

इंदरचंद पाटावर बसले होते. पुढे ताट होतं, ताटात फक्त मीठ होतं. त्यांनी एकदा खाकरून पाहिलं. सुगनबाईंनी फोन कानाला धरूनच हाताने 'थांबा' अशी खूण केली.

थोड्या वेळाने ते आपणच उठले. पातेल्यावरचं झाकण आवाज न करता काढलं आणि स्वतःच्या हाताने वरण वाढून घेतलं. पार गार झालं होतं. ते तसंच गार, चवीने जेवले.