सातवी वाटी

मी भुताखेतांना मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. तिन्हीसांजेला नखं कापते, अमावस्येला नवी गाडी घेते, आणि मांजर आडवं गेलं तर पिल्लं कुठं ठेवलीत ते बघायला मागं मागं जाते! प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढा तोरा हवाच. त्या वर्षी तर मी एका नव्या माशीला नाव देणार होते, त्यामुळं विचारूच नका!

माशी म्हणजे मधमाशीच, पण एकटी राहणारी. हिला ना पोळं, ना राणी. प्रत्येक मादी आपलं आपण बीळ कोरते, अंडी घालते, दार लिंपते आणि मरून जाते. शहराभोवती अशा कुठल्या माश्या कुठं राहतात, याची मी नोंद करत होते. घाईनं करत होते, कारण दुष्काळानं फुलं संपवली होती आणि उरलेल्या माळावर प्लॉट पडत होते. या महिन्यात माशी सापडली, तर पुढच्या महिन्यात त्या जागी सिमेंटची कमान!

शहराबाहेरची लष्करी छावणी ओलांडून पुढं गेलं की अशाच एका प्लॉटिंगमध्ये एक कोरडी विहीर होती. भर दुपारी तिथं पोचले. चिटपाखरू नव्हतं. आणि विहिरीतून आवाज येत होता. पुष्कळ बायकांनी ओठ मिटून एकच सूर धरावा, तसा.

मी काठावरून वाकले. आवाज बंद.

मागं सरले. आवाज सुरू!

अंगावर सर्रकन काटा आला. मग शास्त्र आठवलं. वाकलं की माझी सावली बिळांवर पडते आणि माश्या दबकतात. सोपं आहे! तेवढ्यात एक माशी वर येऊन माझ्या नाकासमोर थांबली. निळ्या पट्ट्यांच्या माश्या मी ढिगानं पाहिल्यात. हिचे पट्टे हिरवेगार होते, काचेच्या बांगड्यांसारखे! अशी माशी मी ना कुठं पाहिली होती, ना कुठं वाचली होती. जाळी फिरवली, हाती लागली हवा. आणि नमुना हातात नसेल तर नव्या माशीवर कुणी विश्वास ठेवत नाही.

"मॅडम, बघायचं ते बघून घ्या," मागून प्लॉटिंगचे मालक काकासाहेब म्हणाले. "सोमवारी विहीर बुजवतोय."

सगळी बिळं विहिरीच्या मातीत होती. ती बुजली की माशी गेली, आणि बहुतेक कायमचीच.

मी लगेच काठावर ओळीनं सहा वाट्या मांडल्या. दोन पिवळ्या, दोन निळ्या, दोन पांढऱ्या. आत पाणी आणि साबणाचा थेंब. माशीला वाटतं फूल आहे, ती उतरते आणि साबणामुळं बुडते. जगभर असंच करतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, तर वाट्या सात!

सातवी मातीची होती. प्रत्येक वाटीला शेंदराचं बोट लावलेलं, साबणाचं पाणी फेकून स्वच्छ पाणी भरलेलं. माशी एकही नाही. विहीर आपली गुणगुणतेय.

शेजारच्या वस्तीत टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांकडं मी तणतणत गेले. "माझ्या वाट्यांना कुणी हात लावला?"

"आमी निस्तं पाणी बदललं, मॅडम," त्यांच्यातली दगडाबाई म्हणाली. "तुमी मांडल्यात म्हणून शेंदूर बी लावला."

"अहो, त्या माश्या पकडायला मांडल्यात!"

"आमाला फसवता व्हय? हंडाभर पाण्यासाठी हितं डोकी फुटत्यात. असं पाणी उन्हात मांडून कोन जाईल? देवालाच मांडत्यात."

मी सातव्या वाटीचं विचारलं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. "ती तर आधीच होती की. तुमचीच ना?"

घरी येऊन सगळं सासूबाईंना, म्हणजे चतुरा आत्याबाईंना सांगितलं. त्यांचं माहेर गंगापूरकडलं, मेंढरं राखणारं. ऐकताच त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली.

"सहा मांडल्या? योगिने, विहिरीवर साती आसरा असत्यात. पाण्याच्या बाया त्या! सहाजनींचं मांडलं अन् सातवीला इसरलीस? आपली वाटी ती आपुन घिऊन आली असंल."

"आत्याबाई, कुणीतरी चेष्टा केली असेल."

"आसरांशी कोन चेष्टा करतंय गं?"

सोमवारपर्यंत व्हायचं ते झालं, वस्तीभर बातमी पसरली. मॅडमनी आसरा बोलावल्या, विहीर बोलायला लागली, आता पाणी येणार! काठावर हिरव्या बांगड्या, दहीभात आणि नारळ. मला बघून बायका पदर सावरायच्या. एकीनं तर माझ्याच पायावर डोकं ठेवलं. मी मागं सरले आणि दहीभातावर पाय दिला!

तरी मी हटले नाही. सोमवारी सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरले. अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट, डोक्यावर टोपी, तिच्यावरून कमरेपर्यंत सोडलेली मच्छरदाणी आणि हातात जाळीची काठी. निम्म्या पायऱ्या ढासळलेल्या होत्या. आत गारवा होता, कोरड्या विहिरीत नसायला हवा तसा! आवाज चहूबाजूंनी. हिरवे पट्टे समोरून जात होते आणि माझी जाळी प्रत्येक वेळी रिकामी.

वर जेसीबीची घरघर आली, तशी धूळमातीनं माखलेली मी घाईनं वर चढले आणि काठावर डोकं काढलं.

जेसीबीवर काकासाहेबांचा ड्रायव्हर रामप्रसाद होता. त्यानं मला पाहिलं. त्याचा जबडा खाली आला. तो उडी टाकून पळाला, तो थेट रस्त्याला लागला! जेसीबी चालूच!

त्यानंतर एकही ड्रायव्हर तिथं यायला तयार झाला नाही. काकासाहेब वस्ताद माणूस. त्यांनी विहिरीला कठडा बांधला, बोर्ड लावला, 'साती आसरा जागृत देवस्थान', आणि शेजारचे प्लॉट आधी विकायला काढले!

विहीर वाचली. माश्याही वाचल्या. मी आनंदानं जाळी घेऊन गेले, तर कठड्यापाशी काठी घेऊन राखणीला बसलेल्या साक्षात आत्याबाई!

"आसराच्या माश्या हायेत त्या. हात लावायचा नाय."

"आत्याबाई, फक्त एक! मला तिला नाव द्यायचंय!"

"तिला नाव हाय. तुला ठावं नाय, त्याला ती काय करंल?"

मला रडू आलं, खरंच आलं. डोळे पुसत मागं वळले तर रामप्रसाद नारळ घेऊन उभा. निदान त्याची तरी माफी मागावी म्हटलं. "दादा, त्या दिवशी विहिरीतून मीच वर आले होते. भ्यालात माझ्यामुळं."

"तुमाला नाय भ्यालो, मॅडम. तुमी तर रोजच्याच," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या मागनं ज्या चढत हुत्या, त्यांना भ्यालो."

विहिरीतला आवाज थांबला. यावेळी कुणीच वाकलेलं नव्हतं.

आत्याबाईंनी काठीनं कठड्यावरच्या वाट्या दाखवल्या. "तुझं आलंय बघ. घे अन् घरी चल."

सहा वाट्यांत नुसतं पाणी होतं. सातव्या, मातीच्या वाटीत एक माशी निपचित तरंगत होती. हिरव्या पट्ट्यांची, पंखाला ओरखडासुद्धा नसलेली. साध्या पाण्यात या माश्या सहसा बुडत नाहीत, ते मीच वर्गात शिकवते.

मी ती घेतली. घेताना चप्पल काढून हात जोडले होते, पण तेवढं कॉलेजात सांगू नका. माशी आता माझ्या पेटीत टाचणीवर आहे. खाली चिठ्ठीवर तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं. फक्त 'नमुना कुणी पकडला' त्या ओळीवर पेन टेकवते आणि उचलते. भुताखेतांना मी मानत नाहीच! पण खोटी सही कशी करायची?