वाघाला रिपीट नसतो

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीतून वाघाच्या पट्ट्यांचं कापड घेऊन कुणी सुखरूप पुढे गेलेलं नाही. शेजारचे भिकननाना त्याला गाठतात, कापडावर बोट फिरवतात आणि खिशातला खडू काढून सरळ फुली मारतात. परवा एका रिक्षाच्या सीटवर मारली. रिक्षावाला भडकला, तर नाना म्हणाले, "भाऊ, हाऊ वाघ खोटा शे. देख, चोवीस इंचवर तोच पट्टा परत उना!"

उधन्याच्या प्रिंट मिलमध्ये नानांनी सगळी उमर कापड तपासण्यात घालवली. छपाईत तीच नक्षी ठरावीक अंतरावर पुन्हा येते, तिला मिलवाले रिपीट म्हणतात. डाग दिसला की खडूची फुली, आणि माल सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या ढिगात. नाना निवृत्त झाले, खडू झाला नाही. आमच्या नव्या ब्लँकेटवरही त्यांची फुली आहे.

वाघावर बोलायला लागले की नाना आवरत नाहीत. हरणाला म्हणे केशरी रंग कळतच नाही, त्याला वाघ गवतासारखाच हिरवट दिसतो. वर ते काळे पट्टे! उंच गवतात वाघ कुठे संपला आणि सावली कुठे सुरू झाली, पत्ता लागत नाही. डाव्या कुशीचे पट्टे उजवीकडे नाहीत, एका वाघाचे दुसऱ्याला नाहीत. "आनि केस भादरी टाका," नाना छाती काढून म्हणतात, "तरी कातडावर पट्टा शेतसच!" वाघाची हजामत कोण करणार, असं मी एकदाच विचारलं. लगेच माझ्या छत्रीवर फुली पडली.

हे वेड आलं कुठून, ते मला बायकोने सांगितलं, तिला नानांच्या बायकोने, नानींनी. बऱ्याच वर्षांपूर्वी नानींच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग उमटले. तेव्हा घरी चहाला आलेल्या मिलमधल्या चार दोस्तांसमोर नाना हसत बोलून गेले, "मना माल सेकंडमा गया." मिलमध्ये असले विनोद रोजचे. पण नानी आत चहा गाळत होत्या. त्या दिवसापासून सुरतेच्या उकाड्यातही त्यांच्या बाह्या मनगटापर्यंत. श्रावणात कानबाई देवीची मिरवणूक दारावरून जायची, आणि गल्लीत सगळ्यांत सुंदर नाचणाऱ्या नानी खिडकीआड उभ्या राहायच्या. नानांनी माफी मागितली, पण बोललेला शब्द काही परत घेता येत नाही.

मग एकदा टीव्हीवर, एका वाघाचे पट्टे दुसऱ्याला नसतात, असं ऐकलं आणि नाना ताडकन उठून बसले. यंदाच्या उन्हाळ्यात तर त्यांनी नानींना सलग सहा रविवार सरथाण्याच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. वाघासमोर उभं करून एकच सांगायचे, "देख. रिपीट नही. असा पीस कोनतीच मिलमा निंघत नही." नानी बाह्या आणखी खाली ओढत आणि सरळ घराकडे वळत. सहाव्या रविवारी परतताना मात्र त्या शिंप्याकडे थांबल्या.

श्रावणातल्या सोमवारी सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली. डोक्यावर कानबाईचा पाट, अर्ध्या बाह्यांचा पोपटी ब्लाउज, डागांसकट दोन्ही हात उघडे, आणि नानी अशा नाचल्या की ढोलवाल्याला धाप लागली. बायका फुगड्या सोडून बघत राहिल्या. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

नाना माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी खडू काढला आणि स्वतःच्या निळ्या सदऱ्यावर, बरोब्बर छातीवर, मोठी फुली मारली.

नानींनी ते पाहिलं. पाट शेजारणीच्या डोक्यावर दिला, जवळ आल्या आणि पदराने फुली पुसून म्हणाल्या, "पास! चाला आते, नाचा."

नाना नाचले. त्यांना एकच पाऊल येतं, तेच पुन्हा पुन्हा. कुणी फुली मारली नाही.