माझं पथ्य, नवरोबांचं ताट

भाताच्या देशात जाऊन उपाशी राहायला नशीबच फुटकं लागतं, असं मी निघताना मैत्रिणींना छातीठोकपणे सांगितलं होतं. माझं नशीब फुटकं नाही हो. मला नवरा आहे!

गहू पोटात गेला की माझं आतडं सुजतं. डॉक्टरांनी सांगितलं, तपासणीतही निघालं, पण घरात कुणाला पटेल तर शपथ! सासूबाईंच्या मते नखरे, नवरोबांच्या मते खूळ. निदान परदेशात तरी एक वेळ निर्धास्त जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. पण तिथे भातावरच्या काळ्या सॉसमध्येसुद्धा गहू निघाला! मग केळी, केळी आणि केळी.

शेवटी एका खानावळीत शिरलो. नवरोबांनी माझी वाट न बघता नूडल्सचा वाडगा अर्धा संपवला. मी फोनवर गव्हाच्या ओंबीचं चित्र काढलं, त्यावर फुली मारली आणि आचाऱ्याला दाखवायला उठले.

"थांब गं! तुझं पाल्हाळ संपेपर्यंत तो दुकान बंद करेल. मी समजावतो, बघ!"

यांनी माझ्या हातातला फोन ओढून आचाऱ्याला ओंबी दाखवली, वाडगा दाखवला, मग स्वतःचा गळा धरून डोळे पांढरे केले. घरी माझी नक्कल करून करून हात बसलेला! रंगात येऊन मागे रेलले, ते खुर्चीसकट आडवे झाले.

आचाऱ्याने ओंबी पाहिली, अर्धा वाडगा पाहिला, आडवा माणूस पाहिला आणि किंचाळत फोनकडे धावला.

"अहो, उठा! त्याला वाटतंय, तुम्हालाच गहू बाधला!"

"अगं, मला काही नाही झा..."

तोंडात नूडल्स होत्या. असा ठसका लागला की चेहरा लालबुंद! आता तर आचाऱ्याची खात्रीच पटली. आली ॲम्ब्युलन्स.

हॉस्पिटलात यांच्या मनगटाला पट्टी बांधली. पट्टीवर ओंबी, ओंबीवर फुली. मी ओंबीकडे आणि स्वतःच्या पोटाकडे बोट दाखवून रडकुंडीला आले. नर्सने मला थोपटून खुर्चीत बसवलं. तिला वाटलं, बायको बिचारी घाबरली असणार!

तेवढ्यात झाकलेलं ताट आलं. वाफाळता भात, अंडी, भाजी, आणि झाकणावर तीच फुली मारलेली ओंबी. सगळ्या प्रवासात मला चालणारं पहिलं जेवण! माझ्या तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांनाही.

"अहो, ते मला द्या ना."

"वेडी आहेस का? पेशंटचं आहे ते!"

शितन्‌शीत निपटलं यांनी. मला सोबतच्या माणसांसाठीची बिस्किटं मिळाली. गव्हाची.

ती पट्टी मिरवतच हे घरी आले. खरी हकीकत सांगायची, तर आपली नाटकंही सांगावी लागली असती, म्हणून यांनी आईपुढे नुसती पट्टी धरली. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्या पोराला गहू बाधतो, आणि इतकी वर्षं कुणाला कळलंही नाही!"

आता घरात पीठ वेगळं, तवा वेगळा, डबा वेगळा. काल मी त्या डब्यात हात घातला, तर सासूबाईंनी तो हळूच बाजूला सरकवला.

"सूनबाई, पथ्याचं आहे ते. तुला काय धाड भरलीय? तू आपलं गव्हाचं खा."