लोहगजाची हरभऱ्यावर स्वारी

श्री लंबोदर समर्थ. विळ्यास दंडवत, खुरप्यास दंडवत, ग्रीसच्या डब्यास विशेष दंडवत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत नाम संवत्सरे, फाल्गुन वद्य पक्षी काळ्या मातीच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

राज्याचे धनी महाराज प्रतापी, मिशा भरघोस. त्यांचे पदरी एक लोहगज होता, ज्यास रयत हार्वेस्टर म्हणे. तो पुढून उभा गहू गिळी, आणि पोटातल्या ड्रमात झोडून काढी, आणि सोंडेतून दाणे ओकी, आणि मागून भूस उडवी. आणि गर्जना ऐसी की शेजारच्या मुलुखातली कुत्री खाटेखाली शिरत. महाराजांचा सगळा जीव त्या गर्जनेत. ती झाली की रयत कामे टाकून बांधावर जमे, मुजरे करी, आणि महाराज वर बसून गॉगल सावरीत.

मग गहू सरला आणि महाराजांस हरभऱ्यावर स्वारी करण्याची हुक्की आली. तो हरभरा राणी अंजनाबाईसाहेबांचा. मातोश्रींनी लग्नात ओटीत घातलेले बी, दरसाल पेरून, दरसाल राखून इथवर आणिले. पुढे मातोश्री कैलासवासी जाहल्या, माहेरचा गाव धरणाखाली गेला, आणि माहेर म्हणून जे उरले ते त्या एका रानात. राणीसाहेब बोलिल्या, "अहो, तुमच्या हत्तीस गव्हाची सवय. माझा हरभरा गुडघ्याएवढासुद्धा नाही. बायका लावून उपटून घेऊ." महाराज म्हणाले, "त्याने एवढा गहू लोळवला, तुमच्या हरभऱ्याची काय बिशाद!"

मग लोहगजाचे माहूत सटवाजी मिस्त्री मसलतीस आले आणि त्यांनी कापणीचे पाते जमिनीलगत उतरविले. ड्रमास कोणी हात लाविला नाही, कारण गर्जना ड्रमाची होती आणि महाराज समोर उभे होते. स्वारी निघाली, अर्धे रान फस्त जाहले, आणि सोंडेतून रास पडली ती काय? पिवळीधमक डाळ! महाराज ओरडले, "फत्ते! भरडण्याचे कामही वाचले!" मग नगारे वाजले, आणि मुदपाकखान्यात पुरण चढले, आणि दरबारी मंडळी आपापली वाटी घेऊन बसली. तो राणीसाहेब आल्या, ओंजळभर डाळ उचलली, न्याहाळली, आणि पुसिले, "पुढल्या साली काय पेरायचे? पुरण?"

नगारे थांबले. एक दरबारी बोलला, "दोन दोन पाकळ्या डिंकाने जोडून..." सर्वांनी त्याजकडे पाहिले आणि तो वाटीसह मागे सरला. राणीसाहेब उरलेल्या रानात जाऊन पदर खोचून बसल्या. "आता हत्ती आणायचा तर माझ्या अंगावरून."

महाराजांनी पुरणाची वाटी बाजूस सारिली. मग सटवाजींस एकीकडे घेऊन म्हणाले, "उपाय बोला." सटवाजी मान खाजवीत बोलिले, "धनी, ड्रम हळू फिरवावा लागंल. खालची जाळीबी सैल करावी लागंल. दाण्याला मार कमी बसंल. पण मग गर्जना जाईल."

"किती जाईल?"

"घोरण्याएवढी राहील."

महाराजांनी लोहगजाच्या चाकावर एकवार थोपटिले. मग म्हणाले, "करा."

मग दांडा सरकविताच ड्रमाचा वेग बदलेल ऐशा पुल्या बसविल्या, जाळी सैल केली, आणि महाराज स्वतः पान्हा घेऊन लोहगजाच्या पोटाखाली गेले आणि मिशांस ग्रीस लावून बाहेर आले. राणीसाहेबांनी परीक्षेस बांधाकडची एक ओळ दिली. लोहगज घुर्र घुर्र करीत चालला. दाणे अखंड आले, पण संगती ढेकळे आली, आणि महाराजांचा पेरणीत हरवलेला जोडाही आला. मग पाते बोटभर उचलिले, चाळण बदलली, पंखा जुळविला, आणि दुसऱ्या खेपेस निखळ हरभरा आला. राणीसाहेब उठल्या, बाजूस जाहल्या, आणि उरलेले रान निघाले. त्या दिवशी बांधावर कोणी आले नाही. कोणास ऐकूच गेले नाही. महाराज खिन्नपणे म्हणाले, "आवाज फारच कमी झाला." राणीसाहेब बोलिल्या, "रात्री तुम्ही करता त्याहून कमीच आहे."

मग राणीसाहेबांनी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधिले, आणि मोड आल्यावर ते फडके महाराजांपुढे उघडिले. "बघा. आईचे आहेत." महाराजांनी गॉगल काढून डोळे पुसिले आणि भूस गेले म्हणाले. घरात भूस नव्हते.

पुढे राणीसाहेबांनी लोहगजाचा ड्रम, जाळी आणि पाते जुळविणाऱ्या दांड्यांवर खुणा केल्या: गव्हाच्या जागी कुंकू, हरभऱ्याच्या जागी हळद, सोयाबीनच्या जागी बुक्का. तात्पर्य, अर्धे रान पुरणात गेले, अर्धे बियाणास राहिले, आणि गर्जना गव्हापुरती उरली. हळदीच्या खुणेवर दांडा महाराज स्वहस्ते आणितात, आणि त्या दिवशी बांधावर एकट्या राणीसाहेब मुजऱ्यास उभ्या राहतात. इति.